व्हिडिओला म्युझिक आणायचं कुठून? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या महिन्यात आपण कमी पैशात आवाज नीट कसा रेकॉर्ड करायचा हे बघितलं, त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, आवाजाचं ठीक आहे हो, पण मागे वाजणारं म्युझिक कुठून आणू, परवडणारं आणि नंतर झंझट न करणारं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याचेच घेतलेत.

नमस्कार सर, मी लग्नाचं शूटिंग करतो, अधनंमधनं दुकानाच्या जाहिराती पण करतोय. एका साइटवरनं रॉयल्टी फ्री म्हणून पैसे भरून ट्रॅक घेतला, सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीला लावला, यूट्यूबला टाकला आणि थोड्याच वेळात कॉपीराइट क्लेम आला. पार्टी म्हणतीय चोरीचं म्युझिक लावलंस. मग त्या साइटवाल्यांनी पैसे कशाचे घेतले? (इस्लामपूर)

पहिलं म्हणजे घाबरू नका, आणि पार्टीला पण सांगा की क्लेम म्हणजे चोरी सिद्ध झाली असं नाही. रॉयल्टी फ्रीचा व्यवहार असा असतो की एकदा पैसे भरले की व्हिडिओ दहा वेळा बघितला काय आणि दहा लाख वेळा बघितला काय, दर वेळी वेगळा हिशोब द्यायचा नाही, एवढंच. ट्रॅकचा मालक संगीतकारच राहतो. तुमच्याकडे आहे ती वापरायची परवानगी, आणि परवानगी कागदावर असते, एमपी३ मध्ये नसते. जमीन कोण कसतंय ते सगळ्या गावाला दिसतं पण तलाठी सातबाराच बघतो ना, तसंच आहे हे.

आता क्लेम का आला. यूट्यूबची कंटेंट आयडी म्हणून यंत्रणा आहे, २००७ पासून चालू आहे, संगीतकार किंवा कंपनी आपला ट्रॅक तिथे नोंदवून ठेवते आणि अपलोड होणारा प्रत्येक व्हिडिओ त्याच्याशी ताडून बघितला जातो. मशीनला सूर ओळखता येतो, लायसन्स कोणी घेतलंय ते ओळखता येत नाही. चोरांना पकडायला लावलेल्या जाळ्यात पैसे भरलेले पण अडकतात. म्हणून बऱ्याच साइटवर तुमचं चॅनल आधी नोंदवायची सोय असते, ते केलं की क्लेम येत नाही किंवा आपोआप सुटतो. तुमच्या बाबतीत मला वाटतं इथेच घोळ झालाय, व्हिडिओ पार्टीच्या चॅनलवर गेला आणि नोंदवलेलं होतं तुमचं, किंवा कुठलंच नाही.

यूट्यूब स्टुडिओत (आपलं चॅनल सांभाळायचं पान) जाऊन डिस्प्यूट टाका, म्हणजे क्लेमवर हरकत नोंदवा, कारण विचारेल तिथे लायसन्स आहे हे निवडा आणि लायसन्स नंबर, खरेदीची तारीख, ट्रॅकचं नाव लिहा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्याने काहीच केलं नाही तर क्लेम गळून पडतो. चॅनलला जाहिरातीचे पैसे येत असतील तर ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट करा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात आणि निकाल लागेल त्याला मिळतात. त्याआधी त्या साइटच्या सपोर्टला एक मेल टाका, कितीतरी वेळा तेच क्लेम काढून देतात.

स्ट्राइक ही वेगळी गोष्ट. मालकाने रीतसर व्हिडिओ काढून टाकायला लावला की स्ट्राइक पडतो, ९० दिवसांत तीन पडले की चॅनल जातं. म्हणून कागद नसताना उगाच भांडू नका, लोक ‘बघू काय होतंय’ म्हणून डिस्प्यूट मग अपील करत जातात आणि मग समोरचा चिडून व्हिडिओच काढायला लावतो.

आणि इथून पुढे प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये लायसन्सची पीडीएफ, बिल आणि त्या दिवशी साइटवर ज्या अटी लिहिल्या होत्या त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. अटी बदलतात, साइट विकल्या जातात, बंद पण पडतात.

आमचा तिघा मित्रांचा किल्ल्यांवरचा चॅनल आहे, सह्याद्रीतले आडवाटेचे किल्ले दाखवतो. बजेट शून्य. खरंच फुकट आणि कायदेशीर म्युझिक मिळतं का, की ‘नो कॉपीराइट’ लिहिलेले व्हिडिओ डाउनलोड करून वापरायचे? (नाशिक)

मिळतं, भरपूर मिळतं, पण ‘नो कॉपीराइट’ असं थंबनेलवर मोठ्ठं लिहिलेल्या कुठल्याही चॅनलवरून उचलू नका, कारण तिथे बसलेला माणूस त्या ट्रॅकचा मालक असेलच असं नाही, कोणाचं तरी उचलून त्यानेच टाकलेलं असतं. त्यातले काही चॅनल खरे आहेत, उदाहरणार्थ इंग्लंडचं नो कॉपीराइट साउंड्स, पण त्यांची पण अट आहे की क्रेडिट द्या, आणि ब्रँडच्या जाहिरातीला वापरायचं असेल तर वेगळं लायसन्स घ्या.

सुरुवात यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीपासून करा. स्टुडिओत डावीकडच्या यादीतच आहे आणि निम्म्या लोकांनी ते कधी उघडलेलं नसतं. मूड, वाद्य, लांबी असं निवडता येतं, कमाई चालू असलेल्या व्हिडिओला पण चालतं. काही ट्रॅकसमोर सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे मालकाने ठरावीक अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी) असं चिन्ह असतं त्यांना क्रेडिट द्यावं लागतं, बाकीच्यांना नाही. क्रेडिटची कटकट नको असेल तर ‘ॲट्रिब्युशन नॉट रिक्वायर्ड’ हा फिल्टर लावून शोधा.

दुसरं नाव केविन मॅकलाउड, अमेरिकन संगीतकार, त्याच्या इनकॉम्पेटेक साइटवर ढीगभर ट्रॅक आहेत आणि त्याच्या सुरावटी तुम्ही हजार वेळा ऐकल्यात, फक्त नाव माहीत नाही. नाव दिलं की फुकट, नाव द्यायचं नसेल तर फी. तिसरं फ्री म्युझिक आर्काइव्ह, ते न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ स्टेशनने २००९ मध्ये चालू केलं होतं, आता मालक वेगळे आहेत. पिक्साबेवर पण म्युझिक मिळतं आणि क्रेडिटची सक्ती नाही, फक्त त्यातले काही ट्रॅक कंटेंट आयडीत नोंदवलेले असतात तेव्हा डाउनलोड करताना लायसन्सचं सर्टिफिकेट पण उतरवून घ्या. वारा, पाणी, पावलं, घुबड असल्या आवाजांसाठी फ्रीसाउंड, बार्सिलोनातल्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाचा प्रकल्प आहे, २००५ पासून चालू आहे.

आता जिथे लोक फसतात ती गोष्ट. क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिलं म्हणजे झालं असं नाही, त्याचे प्रकार आहेत. सीसी झिरो म्हणजे सगळं मोकळं. सीसी बाय म्हणजे नाव द्या आणि वापरा. एनसी असेल तर धंद्यासाठी चालणार नाही, म्हणजे तुमच्या चॅनलला जाहिराती लागल्या किंवा बूट-बॅगवाल्याने स्पॉन्सर केलं की तो ट्रॅक बाद समजा. एनडी म्हणजे बदल करायचा नाही, आणि तुम्ही म्हणाल मी कुठे बदल करतोय, मी तर अख्खा ट्रॅक आहे तसा लावतोय, पण त्या लायसन्समध्येच स्पष्ट लिहिलंय की संगीत चित्रासोबत जुळवून लावलं की तो बदलच धरला जातो. म्हणजे एनडी ट्रॅक व्हिडिओला चालतच नाही. आणि एसए असेल तर तुमचा अख्खा व्हिडिओ पण त्याच लायसन्सखाली खुला करावा लागतो, म्हणजे उद्या तुमचे ड्रोन शॉट कोणीही नेऊन वापरू शकतं.

क्रेडिट म्हणजे नुसतं ‘म्युझिक साभार इंटरनेट’ नव्हे (हे मी खरंच बघितलंय). ट्रॅकचं नाव, संगीतकार, लायसन्सचं नाव आवृत्तीसकट, ट्रॅक आणि लायसन्स दोन्हीच्या लिंक, आणि तुम्ही कापलं-जोडलं असेल तर ते पण एका ओळीत. डिस्क्रिप्शनमध्ये चालतं.

एक आगाऊ सल्ला, विचारला नाहीत तरी देतो. प्रत्येक किल्ल्याला ते हॉलिवूडच्या ट्रेलरसारखं धडाम धडाम म्युझिक नको. आडवाटेचा किल्ला शांत असतो म्हणून तर लोक तिथे जातात, वाऱ्याचा आवाज नीट रेकॉर्ड केलात तर अर्ध्या व्हिडिओला म्युझिक लागणारच नाही.

आमचा छोटा होमस्टे आहे. रील्सवर ट्रेंडिंग गाणी लावायचे तेव्हा छान व्ह्यूज यायचे, मुलीने अकाउंट बिझनेसचं करून दिलं आणि गाणीच गायब झाली, जुन्या काही रील्सचा आवाज पण गेला. परत पर्सनल अकाउंट करू का? (फोंडा, गोवा)

गाणी गायब झाली ती चुकून नाही हो ताई. इन्स्टाग्रामचा गाण्यांच्या कंपन्यांशी जो करार आहे तो लोकांनी आपल्या खासगी, बिनधंद्याच्या वापरासाठी आहे, आणि खोल्यांचं बुकिंग यावं म्हणून टाकलेली रील ही जाहिरातच झाली. पर्सनल अकाउंट करून गाणं दिसायला लागेल, पण परवानगी काही येणार नाही, आणि अशी रील पैसे भरून बूस्ट करायला गेलात तर तिथेही अडवतील. नका करू.

मेटाचं (इन्स्टाग्राम आणि फेसबुकची मालक कंपनी) साउंड कलेक्शन वापरा, फुकट आहे, धंद्याला चालतं, पण ते फेसबुक आणि इन्स्टाग्रामपुरतंच, तीच रील यूट्यूबवर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर टाकायची असेल तर म्युझिक दुसरं लावा. आणि खरं सांगू, तुमच्याकडे जे आवाज आहेत ते मुंबई-पुण्याच्या माणसाला कुठल्याही ट्रेंडिंग गाण्यापेक्षा जास्त ओढतील, सकाळी सायकलवरून येणाऱ्या पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, कौलांवरचा पाऊस. फोन स्थिर ठेवून मिनिटभर रेकॉर्ड करा, त्याचे हक्क तुमचेच.

वारीवर अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी करतोय. तुकोबांचे अभंग ४०० वर्षं जुने, म्हणजे कॉपीराइट नसणारच, तर मोठ्या गायकांची रेकॉर्डिंग वापरली तर काय बिघडलं? आणि ६० वर्षांपूर्वीचं काहीही फ्री असतं असं पण ऐकलं. (सोलापूर)

अर्धं बरोबर ऐकलंय आणि हे अर्धंच लोकांना अडचणीत आणतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, कोणाच्या बापाचे नाहीत. पण ती चाल विसाव्या शतकात कोणा संगीतकाराने बांधली असेल तर ती त्याची, आणि ते रेकॉर्डिंग ज्या कंपनीने काढलं तिचं. तुम्हाला रेकॉर्डिंग वापरायचं तर चालीची आणि रेकॉर्डिंगची दोन्ही परवानगी लागणार.

मुदतीचं असं आहे की आपल्या १९५७ च्या कायद्यात शब्द आणि चालीला कर्त्याचं निधन झाल्यानंतर ६० वर्षं आणि रेकॉर्डिंगला ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, आणि मोजायचं पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. (आधी ५० होती, रवींद्रनाथांचे हक्क १९९१ च्या शेवटी संपत होते म्हणून १० वर्षं वाढवली गेली, त्याचा फायदा मग सगळ्यांनाच झाला.) म्हणजे १९६० साली निघालेली ध्वनिमुद्रिका २०२१ च्या पहिल्या दिवसापासून मोकळी, पण फक्त रेकॉर्डिंग म्हणून मोकळी! तिच्यातली चाल नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या शेवटपर्यंत आहे, सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून चालू झालं म्हणून ते आता सगळ्यांचं झालं असं धरून चालणारे लोक मला भेटतात, तसं नाहीये. आणि जुन्या रेकॉर्डिंगची साफसफाई करून कंपनीने परत काढलेली आवृत्ती तुम्ही वापरलीत तर कंटेंट आयडी तिला हमखास पकडणार, मग भांडत बसा.

तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला रस्ता तुमच्या डोळ्यासमोरून चालतोय की हो. दिंडीतले लोक परंपरेच्या चालीत गातात, टाळ-पखवाज त्यांचाच, ते तिथेच रेकॉर्ड करा. कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नका, वेगळा रेकॉर्डर घ्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी शांतपणे दोन-चार अभंग पूर्ण घ्या, चालतानाचे तुकडे नंतर जोडता येत नाहीत. पण विणेकऱ्यांना, चोपदारांना विचारून, आणि काय करणार आहोत ते सांगून. गाणाऱ्याचे पण हक्क असतात, साध्या मराठीत एका पानाचं संमतीपत्र करा, त्यावर सह्या घ्या, सही करायला नको म्हणाले तर निदान कॅमेऱ्यासमोर नाव आणि होकार. मानधन द्या, नाहीतर दिंडीला द्या.

एकच काळजी, वाटेत स्टॉलवाल्यांच्या स्पीकरवर कंपनीची गाणी जोरात वाजत असतात, ती मुलाखतीच्या मागे आली की क्लेम ठरलेला. स्पीकरपासून लांब जाऊन मुलाखत घ्या. लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक कार्यक्रमात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे ती वाजवण्यापुरती, ते शूट करून फिल्ममध्ये लावायला नाही. इस्लामपूरवाल्यांनी पण हे वाचून ठेवा.

मी फिल्मचा कोर्स करतोय, १२ मिनिटांची शॉर्टफिल्म आहे, फेस्टिव्हलला पाठवायचीय. एपिडेमिक साउंड, आर्टलिस्ट वगैरेचं सबस्क्रिप्शन घेऊ का? महिनाभर घेऊन बंद केलं तर चालतं का? (पुणे)

अरे मित्रा, घे पण आधी वाच. अशा म्युझिकच्या साइटच्या सबस्क्रिप्शनचा दर एकट्या माणसासाठी साधारण महिन्याला १० ते २० डॉलरच्या आसपास असतो, वर्षाचं एकदम भरलं तर कमी, आणि कार्डवर परकीय चलनाचा चार्ज लागतो तो धरून चाल. यांचा ढोबळ नियम असा की सबस्क्रिप्शन चालू असताना जे प्रसिद्ध केलं ते नंतरही सुरक्षित, बंद केल्यावर नवीन काही करायचं नाही, जुने डाउनलोड हार्ड डिस्कवर पडलेले असले तरी. म्हणजे ‘महिनाभर घेऊन ५०० ट्रॅक उतरवून ठेवतो’ ही आयडिया चालत नाही, ती सगळ्यांना सुचते.

तुझा पेच असा आहे की शॉर्टफिल्म ‘प्रसिद्ध’ कधी झाली? एडिट जूनमध्ये लॉक झालं, पहिला फेस्टिव्हल डिसेंबरला, यूट्यूबवर पुढच्या वर्षी. म्हणून सपोर्टला लेखी विचार, फेस्टिव्हलचं स्क्रीनिंग या प्लॅनमध्ये बसतं का, आणि फिल्म नंतर ओटीटीने घेतली तर काय. स्वस्त प्लॅन बऱ्याचदा फक्त स्वतःच्या सोशल मीडियापुरते असतात, क्लायंटचं काम, टीव्ही, थिएटर वरच्या प्लॅनमध्ये. तुला दोन-तीनच ट्रॅक लागत असतील तर सुटा ट्रॅक कायमच्या लायसन्सने घेणं मला जास्त पटतं, त्यात तारखांचा गुंता नाही. आपल्याकडचं, तबला-सनई असलेलं काही हवं असेल तर हूपर म्हणून मुंबईचा प्लॅटफॉर्म आहे तो पण चाळून बघ, परदेशी साइटवर ‘इंडियन’ असं शोधलं की सतार आणि त्याच्यावर तेच ते योगा क्लासचं म्युझिक निघतं.

आणि टेम्प म्युझिक म्हणून, म्हणजे एडिटपुरतं तात्पुरतं, आवडत्या सिनेमाचं गाणं लावून एडिट करू नकोस. महिनाभर ते ऐकलं की दुसरं काहीच आवडत नाही.

एआयने म्युझिक बनवून घेतलं तर सगळीच भानगड मिटली ना? (छत्रपती संभाजीनगर)

मिटली नाही, फक्त बदलली. सुनोसारख्या एआय म्युझिकच्या साइटवर फुकटच्या प्लॅनवर बनवलेलं धंद्यासाठी वापरता येत नाही, त्याला पैसे भरलेला प्लॅन लागतो. शिवाय जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडियोवर केस टाकली, आमची गाणी न विचारता शिकायला वापरली म्हणून. घरच्या वाढदिवसाच्या व्हिडिओला खुशाल वापरा, क्लायंटच्या कामाला मी तरी वापरत नाही.

माझा मावसभाऊ बासरी चांगली वाजवतो, गुळाच्या गुऱ्हाळावरच्या आमच्या व्हिडिओंसाठी त्याच्याकडनंच म्युझिक करून घ्यावं म्हणतोय. घरातलाच हाय तर कागद-बिगद लागतोय का? (कोल्हापूर)

लागतोय! घरातला आहे म्हणून तर आधी लागतोय, उद्या तुमचा गूळ अमेरिकेला जायला लागला की मग बोलणं अवघड होतं.

आयडिया एक नंबर आहे पण. सगळ्या शेतीमालाच्या जाहिरातींना ते युकुलेले, टाळ्या आणि शिट्टीवालं परदेशी म्युझिक लागतं आणि सगळ्या सारख्याच वाटतात, तुमच्याकडे बासरी आहे आणि काहीलीत उकळणाऱ्या रसाचा आवाज आहे.

कायदा काय म्हणतो बघा. हक्क द्यायचे असतील तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि घेतलेले हक्क वर्षभर वापरलेच नाहीत तर ते परत जातात, तसं नको असेल तर तेही कागदात लिहावं लागतं. म्हणून एका पानावर ट्रॅकचं नाव, कशाकशात वापरणार (यूट्यूब, इन्स्टाग्राम, पैसे भरून केलेली जाहिरात, प्रदर्शनातला स्टॉल), किती वर्षं, जगभर की भारत, किती पैसे आणि कधी, त्याचं नाव कुठे येणार, आणि तोच ट्रॅक तो दुसऱ्या कोणाला देऊ शकतो का हे लिहा. माझ्या मते त्याला देऊ दे, फक्त दुसऱ्या गूळवाल्याला नाही, म्हणजे तुम्हाला पण स्वस्त पडतं. ‘सगळे हक्क कायमचे माझे’ असं लिहिण्याच्या फंदात पडू नका, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फिल्ममधल्या संगीताच्या पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा असा लिहून घेता येत नाही, आणि कायद्याने फिल्म म्हणजे तुमचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पण येतो.

त्याला सांगा स्वतःचं वाजव, सिनेमाच्या गाण्याची चाल ‘थोडी बदलून’ नको. भूप, यमन, पहाडी कोणाच्या मालकीचे नाहीत, त्यात काय वाटेल ते करू दे. तबल्याला कोणी सोबतीला असेल तर त्याची पण सही घ्या, हे हमखास राहतं. आणि रेकॉर्डिंग झालं की डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबलेली) फाइल घ्या, व्हॉट्सॲपवरची नाही, बासरी आणि तबला वेगवेगळे ट्रॅक म्हणून, शिवाय १५, ३० आणि ६० सेकंदांत नीट संपणारे तुकडे त्याच दिवशी वाजवून घ्या, नंतर कापायला गेलं की सूर मध्येच तुटतो. नुसता सा धरून दोन मिनिटं वाजवलेला एक तुकडा पण घेऊन ठेवा, मुलाखतीखाली लावायला तोच सगळ्यात जास्त लागतो.